तेलगावात आमच्या पिशव्यांची वाकळ झाली

जायचं मन अजिबात नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मी पुण्यातल्या एका सूत कंपनीत नोकरी करते. धंदा जबाबदारीने करायचा म्हणून 'शाश्वत कापूस' विभाग मीच साहेबांच्या मागे लागून सुरू करवला. सहा वर्षं झाली. आता साहेब म्हणाले, "बायका आपल्या पिशव्या वापरताहेत, याचे फोटो आण. नाहीतर विभाग बंद."

वेचणी खताच्या पोत्यात केली की प्लॅस्टिकचे धागे कापसात जातात आणि सुतात रंग धरत नाहीत. म्हणून आम्ही तेलगावच्या कापूस वेचणाऱ्या बायकांना जाड सुती पिशव्या वाटल्या होत्या, खांद्याला पट्टा, वर कंपनीचं ठळक नाव.

वाकडेवाडीहून बीडची सकाळची एसटी घ्या. नगर, जामखेड करत दिवस मोडतोच. बायकांना निम्मं तिकीट, तेवढाच दिलासा. कंबरेचं मात्र भरीत होतं. बीडला स्टँडजवळ साधा लॉज मिळतो. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, तेव्हा लवकर उठा.

दुसऱ्या दिवशी वडवणीमार्गे तेलगाव. स्टँडवरचा चहा घट्ट आणि अति गोड. थकलेल्या माणसाला बरा. वेचणाऱ्या बायकांची म्होरकी सुमनबाई मला घ्यायला आली. रानात गेलो, तर आठही जणींच्या कमरेला खताची पोती! मला रडूच यायला लागलं.

"सुमनबाई, पिशव्या कुठंयत?"

"घरी हायत की. लई चांगलं कापड व्हतं, म्याडम. वाकळा शिवल्या. लेकरं झोपतेत."

"अहो, पण वापरल्या कावून नाहीत?" दमलं की माझ्या तोंडात त्यांचेच शब्द येतात.

सुमनबाईने घरून एक उरलेली पिशवी मागवली आणि माझ्याच खांद्याला अडकवली. "येचून बगा."

वेचलं. वाकले की पट्टा घसरून पिशवी पुढे यायची आणि झाडाला अडकायची. तासाभरात मान धरली. मग तिने कुणाचं तरी जुनं धोतर माझ्या कमरेला बांधून ओटी करून दिली. दोन्ही हात मोकळे झाले.

"आदी आमी ह्याच्यातच येचायचो. सुती असतंय, धागा सुटत न्हाई. आता धोतरवाले राह्यले कुटं? समदे प्यांटवाले. मंग घेतलं खताचं पोतं."

"मग पिशव्या वाटताना सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी तर भाषण केलतं."

खरं होतं. माईकवरून केलं होतं, आणि चांगलं झालं म्हणून स्वतःवर खूशही होते.

माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "फोटोपुरत्या वाकळा उसवू का? अर्ध्या तासाचं काम हाय." मी इतकी थकले होते की 'हो' ओठांवर आलं होतं. त्याऐवजी वाकळेचाच फोटो काढला. कंपनीचं नाव मधोमध, उलटं शिवलेलं. जेवायला तिच्याकडेच भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची आमटी होती.

परतताना कपिलधारचा धबधबा बघायचा ठरवला होता. मांजरसुंब्याहून जवळ आहे, तुम्ही जरूर जा. मी गेले नाही. सरळ पुण्याची गाडी धरली.

सोमवारी साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला. मी म्हटलं, चूक बायकांची नाही, आपली आहे. पिशवी न शिवता नुसतं धोतरासारखं कापड देऊ. हो-नाही करत ते एका गावापुरतं कबूल झाले. "पण नाव ठळक छापायचं. नाहीतर विभाग ठेवून उपयोग काय?"

संध्याकाळी घरून सुमनबाईला फोन लावला. "कापड किती लांब पाहिजे?"

ती म्हणाली, "पाच हात. अन् म्याडम, त्याच्यावर काई छापू नका. दवात रंग सुटतो, कापसाला लागतो."

तेव्हा उद्या पुन्हा साहेबांकडे, तिसरा मजला चढायचा आहे. कंबर अजून दुखतेच आहे.