रिबेकाकाकूंच्या उपासाला माझी सोबत

चहा घ्या आधी, मग हसा माझ्यावर. आता काय लपवायचं तुमच्यापासून! आयुष्यात एकदाच मी कुणासाठी कडक उपास धरला, आणि तोही नेमका जेवायच्या दिवशी.

समता कॉलनीत आमच्या वरच्या मजल्यावर रिबेकाकाकू राहतात. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे आपली मराठी बोलणारे ज्यू. मुलाची नोकरी रायपूरच्या भनपुरी भागात, म्हणून इथे आल्या. आसपास त्यांच्या धर्माचं दुसरं घर नाही, तरी बाईंचा नेम चुकत नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक आटोपून दिवे लागतात आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथला, शेगडीला हात नाही! मला त्यांचं भारी कौतुक.

एकदा जिन्यात म्हणाल्या, "आमच्या बिरड्याच्या उपासाची तिथी यंदा शनिवारी आलीय. यरुशलेमचं मंदिर पडलं, त्याचा शोक. पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आणि मुलगा नेमका टूरवर."

परमुलखात एकटी बाई आणि निर्जळी उपास! मला अगदी भरून आलं. पुढचं ऐकतो कशाला? तडक घरी येऊन बायकोला जाहीर केलं, "शनिवारी मी बी काकूंसोबत निर्जळी करून राहिलो! अन् रविवारी दुपारी पारणं आपल्याकडे. सारा पारा, अख्खा मोहल्ला बोलावतो!"

"अहो, आधी त्यांले नीट विचारा तर!"

"उपासात काय विचाराचं असते?"

शनिवारी दुपारी, जीभ टाळूला चिकटलेली, अशा अवस्थेत वर गेलो. पाहतो तर टेबलावर नारळाच्या रसातली मासळी, भात आणि हलवा!

"ये रे, वेळेवर आलास. बस जेवायला."

काय बाई आहे! स्वतः उपाशी आणि पाहुण्याला वाढतेय! मी हात जोडले. "नाही काकू. तुमच्या पोटात पाण्याचा थेंब नाही, अन् मी जेवू?"

काकूंनी शांतपणे मासळीचा तुकडा तोंडात टाकला.

मी हादरलोच. मग उदार झालो. "असू द्या काकू. या वयात झेपत नाही. मी कोणाले सांगत नाही."

काकू ठसका लागेपर्यंत हसल्या. "अरे, शब्बाथला उपास करायचा नसतो! तिथी शनिवारी आली की उपास रविवारवर जातो. एक प्रायश्चित्ताचा योम किप्पूर तेवढा हलत नाही. आज पोटभर जेवायचं. सूर्य मावळला की उपास धरायचा, तो उद्या रात्री वालाचं बिरडं खाऊन सोडायचा."

बघा हो! एवढं जुनं दुःख, पण शब्बाथ त्याला म्हणतो, 'आज नाही, उद्या ये.' आणि ते दुःख मुकाट्याने दाराबाहेर थांबतं! मी मनापासून वा म्हणालो, दोनदा भात घेतला. आणि मग आठवलं. उद्या दुपारी तर पारणं! प्रमुख पाहुण्या काकू!

"त्यांचा उपास सरकला, आता तुमचं पारणं सरकवा," खाली आल्यावर बायको म्हणाली. सगळ्यांना फोन केले. "हव भैया, रात को आ जाएंगे," म्हणाले बिचारे. काकूंना मी शब्द दिला, "उद्या खरा उपास. तुम्ही एकट्या नाही!"

रविवारी दुपारी बायको सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, तळत होती. वास आला. मी स्वयंपाकघरात फक्त बघायला गेलो, देवाशपथ!

तेवढ्यात दारात काकू. सुकलेले ओठ, चेहरा मात्र प्रसन्न, हातात भिजवलेल्या वालांचं पातेलं. "म्हटलं, बिरड्याचे वाल दोघं उपाशी मिळून सोलू. कसा आहेस रे?"

माझ्या दोन्ही गालांत सांबारवडी!

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि थेट माझ्याच बोलीत म्हणाल्या, "असू दे रे. या वयात झेपत नाही. मी कोणाले सांगत नाही!"