एकदा मोजलं की मोजलं

माझ्या ताईचे यजमान फार हुशार आहेत, असं आमच्याकडे बावीस वर्षं बोललं जातंय. बोलणाऱ्यांत ते स्वतः सगळ्यांच्या पुढे. मी त्यांच्याच हाताखाली चाचणीच्या टेबलावर काम करते, त्यामुळे घरी भाऊजी आणि ऑफिसात सर. दोन्हीकडे माणूस तेवढाच पोकळ.

एकदा मोजलेली गोष्ट ते पुन्हा मोजत नाहीत. माझी भाची सहा वर्षांची असताना त्यांनी तिच्या पायाचं माप घेतलं, डायरीत लिहिलं आणि ती आठ वर्षांची झाल्यावरही त्याच मापाचे बूट आणले. पोर लंगडत शाळेत गेली. ताईने सांगितलं तर म्हणाले, "लिहून ठेवलंय मी." चूक पायाची, तो वाढलाच कशाला.

आमचं काम मेमरीचं. बॅटरी वाचावी म्हणून यंत्रातली मेमरी काम नसताना डुलकी काढते, काम आलं की उठते. उठल्यावर तिला प्रोसेसरशी पुन्हा ताल जुळवावा लागतो आणि त्यात चारशे मायक्रोसेकंद जातात. ऐकायला काहीच नाही, पण मिनिटाला हजारदा झोपायचं-उठायचं तर यंत्र अडखळतं. हा उशीर कमी करण्यासाठी आमचा अख्खा मजला पगार घेतो.

उपाय मी सुचवला होता. यंत्र सुरू होतानाच मेमरीच्या प्रत्येक वेगासाठी एकदा ताल जुळवायचा, आलेले आकडे एका कोपऱ्यात जपायचे आणि मेमरी उठली किंवा तिचा वेग बदलला की तेच उचलून वापरायचे. फक्त, यंत्र तापलं की हे आकडे चुकायला लागतात, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासायचे. भाऊजींनी पहिला भाग स्वतःच्या नावावर घेतला आणि 'फक्त'च्या पुढचं सगळं टाकून दिलं. तपासणीने उशीर सोळा मायक्रोसेकंदांवर जात होता आणि त्यांना फळ्यावर बारा हवे होते. "एकदा मोजलं की मोजलं," म्हणाले. फळ्यावर मोठ्ठा बारा लिहून त्याच्याशेजारी फोटो काढून घेतला.

पहिलं गिऱ्हाईक होतं घरातल्या आजाऱ्यांसाठी नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारी यंत्रं करणारी कंपनी. माल जाण्याआधी तो गरम पेटीत आठ तास चालवायचा आणि तक्त्यावर मी सही करायची, असा नियम. पेटी तीन आठवडे बिघडून पडली होती. भाऊजींनी तिच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'पास' लिहिलं.

"आपल्या खोलीत चालतंय ना?" ते म्हणाले. आमच्या खोलीत एसी इतका की मी बारा महिने स्वेटर घालते.

"पेटी दुरुस्त होऊ दे, मग करते सही."

"तुला नुसती खुसपटं काढायला हवीत."

संध्याकाळी ताईचा फोन आला. "अगं, त्यांची बढती अडकलीय. एक सही तर आहे. माझ्यासाठी कर." माझ्या कॉलेजसाठी ताईने स्वतःचं कॉलेज सोडलं होतं. ते ती कधी बोलून दाखवत नाही, तेव्हाही बोलली नाही. सकाळी जाऊन मी सही केली.

बढती मिळाली. गिऱ्हाईक कंपनीने आपलं एक यंत्र भेट दिलं, ते भाऊजींनी आपल्या आईच्या उशाशी, पश्चिमेच्या खिडकीत मांडलं. आईंना फुप्फुसाचं जुनं दुखणं. येईल त्याला भाऊजी यंत्र दाखवायचे. आईंची चौकशी राहून जायची.

परवा सुट्टीच्या दुपारी मी गेले तर खिडकीतलं ऊन थेट यंत्रावर पडलेलं. आई उशीला टेकून बसल्या होत्या, चादर मुठीत धरून. ओठ निळसर झालेले.

"भाऊजी, आईंना श्वास घेता येत नाहीये."

"छे, सत्त्याण्णव आहे." त्यांनी बोटाने पडदा दाखवला. आईकडे मान वळवली नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. त्यात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते. उन्हाने तापून यंत्र केव्हाच अडकून पडलं होतं आणि पाऊण तासापूर्वीचा चांगला आकडा दाखवत बसलं होतं. मी ताईला हाक मारली, तिने ॲम्ब्युलन्स बोलावली.

आई वाचल्या. दवाखान्याच्या बाकावर भाऊजींना आधी रडू आलं. मला क्षणभर त्यांची दयासुद्धा आली. मग त्यांनी डोळे पुसले आणि ते ताईला सांगू लागले, "माझ्या कामात खोट नाही. गरम पेटीत पास झालेला माल आहे. तक्त्यावर हिची सही आहे, विचार हिला."

ताईने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्या माणसाचं एक वाक्य मी खोडल्याशिवाय सोडलं नव्हतं. हे खोडता येईना.

असली तीनशे यंत्रं लोकांच्या उशाशी गेली होती. "थांब, आधी आपण नीट बोलून घेऊ," भाऊजी म्हणत होते. मी यंत्रं करणाऱ्या कंपनीचा तक्रारीचा नंबर लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर सगळ्यात आधी स्वतःचं नाव सांगितलं.