राखीव जागेवरचे अण्णा

आनेकलच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी एक म्हातारे बसायचे, सीटच्या अगदी कडेला, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं असे. दलितांच्या राखीव जागेवरून ते एकदा ग्रामपंचायतीत निवडून आले होते.

“घटना लिहायच्या आधीच आमच्यातल्या काहींनी फक्त आमच्याच मतांचा वेगळा मतदारसंघ मागितला होता,” ते कन्नडमध्ये म्हणाले. “तडजोडीत मिळाली राखीव जागा. जागा आमची, मतं अख्ख्या गावाची. मी आमच्या स्मशानाला वाट मागितली, तर पुढच्या वेळी गावानं माझ्या धाकट्या भावाला निवडून दिलं. तो गप्प बसतो.”

“आणि तुमचं मत, अण्णा?”

त्यांनी मांडीवरची पिशवी उगाच खाली ठेवली, परत वर घेतली.

“त्यालाच दिलं. घरात भांडण नको म्हणून.”