निघताना टोकणारी खिडकी

सासूबाईंच्या कानातलं मशीन मंदावलं, ते पहिले काही दिवस आम्हाला कळलंच नाही. त्या कशालाही मान डोलवायच्या. बायकोने विचारलं, "भाकरी की भात?" तर म्हणाल्या, "हां, चांगली हाय." संध्याकाळी शिरगावहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन यायचा. ती अंथरुणाला खिळलेली, आवाज बारीक. सासूबाई फोन कानाला लावून थोडा वेळ बसायच्या आणि तो बायकोच्या हातात द्यायच्या. मग बायको मधे बसून, ओरडून, एकीचं दुसरीला सांगायची.

मशीनबरोबरच्या कागदावर एवढंच होतं, की अधिक माहिती वेबसाइटवर पाहा. रविवारी सकाळी सरावलीच्या आमच्या खोलीत मी फोन घेऊन बसलो. 'आवाज कमी येत असल्यास' हे पान सापडलं. दोन ओळी वाचल्या, तिसरीवर खिडकी आली: पुढे वाचण्यासाठी नोंदणी करा. नाव, आडनाव, जन्मतारीख, मोबाइल, शिवाय साइटवर येण्याचं कारण. प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी.

मी अशा नोंदण्या टाळतो. तारापूरच्या कारखान्यात माझं काम स्टोअरच्या नोंदींचं. खोटा आकडा लिहिणं मला जमत नाही आणि खरा आकडा कुणालाही देणं आवडत नाही. खिडकी आली की पान बंद करून दुसरं शोधायचं. एसटीचं वेळापत्रक असो की पंख्याची वॉरंटी, सगळीकडे हेच. हल्ली टाळण्याचाही थकवा येतो. त्या दिवशी दुसरं पान सापडलंच नाही.

शेजारचा वेल्डर गॅलरीतून बघत होता. "कुछ भी डाल दो, भाईसाब. मेरा तो हर जगह दस बार नौ."

"और ओटीपी?"

"तब छोड़ दो."

मी दहा वेळा नऊ दाबला. उत्तर आलं: हा नंबर आधीच नोंदलेला आहे.

"मैं नहीं हूँ, क़सम से!" तो म्हणाला.

बायको आतून म्हणाली, "अहो, द्या की खरा नंबर. तुमचा नंबर काय पापलेट हाय, उघडा ठेवला तर नासेल?"

काय चाललंय, असं सासूबाईंनी खुणेनं विचारलं. बायको त्यांच्या कानाशी ओरडली, "आई, मशीनचं वाचायच्या आधी नाव-गाव विचारतात! कशाला आलात म्हणून विचारतात!"

सासूबाई इथल्याच समुद्रकाठच्या दांडी गावच्या. होडीवर निघालेल्या माणसाला कुणी 'कुठे' म्हणून टोकलं, तर त्यांच्या घरचे पुरुष परत फिरायचे, पाणी पिऊन टेकायचे आणि मगच निघायचे. नाहीतर जाळं रिकामं.

"निघताना टोकलं तुमाला," त्या मला म्हणाल्या. "ठेवा तो फोन. पाणी प्या, मग दुसऱ्या वाटेनं जा."

मी पाणी प्यायलो. दुसरी वाट म्हणजे मशीन घेतलं ते पालघरचं दुकान. गुडघ्यांमुळे त्यांना एसटीत चढवत नाही, म्हणून तर मी घरबसल्या भागवू पाहत होतो. सोमवारी रजा टाकली, रिक्षा केली आणि त्यांना घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "मोबाइल नंबर?"

"मशीन फक्त दाखवायचंय."

"काका, नंबर टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही."

सासूबाईंना हे ऐकू गेलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मान डोलवायच्या तयारीत. मी नंबर सांगितला. जन्मतारीखही सांगितली. येण्याचं कारण विचारलं, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवलं.

मुलीने मशीनची बारीक जाळी काढली, नवी बसवली. "मळ साचला होता. घरीसुद्धा बदलता येते. साइटवर सगळं लिहिलंय, काका."

घरी पोचेपर्यंत माझ्या फोनवर कानाच्या तपासणीत सूट, चष्म्यात सूट आणि माझ्या वयाच्या माणसांसाठी विमा येऊन पडला होता. मी दारात बसून एकेक पुसत होतो, तेवढ्यात बायकोच्या फोनवर शिरगाव आलं. तिने सवयीने मोठ्याने बोलायला सुरुवात केली. सासूबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला.

"कशी हायस गं?" त्या हळूच म्हणाल्या.

माझा फोन पुन्हा वाजायला लागला. मी तो बंद केला. सासूबाई बहिणीचं बराच वेळ ऐकत होत्या.