मीनाताईंची कांडी

चंबूतलं पिवळं द्रावण आज सकाळी काळं झालं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर प्लॅटिनम-निकेलचा एकेक कण आठ बाजूंनी कोरल्यासारखा. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटात हेच आकार उत्तम काम करतात. महिनाभर माझ्याकडून नुसते वेडेवाकडे गोळे होत होते.

आज ढवळायला मीनाताईंची जुनी पांढरी कांडी घेतली होती. त्याच मला हे काम शिकवायच्या. त्यांना जाऊन वर्ष होईल.

"कांडी आम्लराजात धुतलीस ना?" देसाईसरांनी विचारलं. सोनंसुद्धा विरघळवणारं ते आम्ल. त्यात धुतलं नाही, तर ओरखड्यांत जुन्या धातूचे कण राहतात आणि नवे स्फटिक त्यांच्यावरच वाढतात.

"नाही, सर."

"मग हे कण तुझे नव्हेत, मीनाचे. धू आणि पुन्हा कर."

माणूस गेल्यावर त्याचं काय कुठे चिकटून राहतं, आणि त्यावर आपलं किती वाढत जातं, कोण सांगणार? कांडीवरच्या करड्या ओरखड्यावरून मी बोट फिरवलं. मग आम्लाची बाटली उघडली. ताई दुसऱ्यांदा जाणार होत्या, आणि या वेळी माझ्या हातून.