बत्तीस पडद्यांवर एक नाव

बिराजदार सर प्रयोगशाळेत आले की आधी खिशातला फडका काढून स्वतः कीबोर्ड पुसायचे. शिपायावर त्यांचा भरवसा नव्हता. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेचे ते प्रमुख, मी त्यांची साहाय्यक. बत्तीसही संगणकांवर लिनक्स त्यांनी एकट्यानं बसवलं होतं. कुणीही लॉगिन केलं की त्याची फोल्डरं जोडणारी आणि लॉगआउट केलं की मागचा कचरा झाडणारी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, त्यांचीच. "एका जागी लिहायचं, सगळ्यांना लागू," असं समाधानानं म्हणायचे. मलाही ते त्यांनीच शिकवलं, अगदी मन लावून.

एका वर्षी त्यांनी लॉगिनच्या स्क्रिप्टमध्ये भर घातली. पडदा उघडताच लाल चौकट यायची: 'या आठवड्यात वर्गात सर्वांत कच्चे', आणि खाली एक नाव. मिनिटभर ती हलायची नाही. "लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही. मी तसाच सुधारलोय," सर म्हणाले. दर सोमवारी गुणांच्या यादीतलं शेवटचं नाव तिथं टाकायचं काम माझ्याकडे होतं.

सविता मोहोळजवळच्या खेड्यातली, मेंढपाळाच्या घरातली. तिचं नाव ओळीनं तीन आठवडे आलं. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याजवळ आली. "मॅडम, माजं नाव काडा की. पोरं मला कच्ची म्हणूनच हाक मारत्यात."

मी सरांना विचारलं. "तुमच्या दयेनं ती पास होणार आहे का?" एवढंच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात तिचे वडील कसलासा दाखला द्यायला आले. प्रॅक्टिकल नुकतं सुरू होत होतं. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांची नजर पडद्यांवरून फिरली आणि चेहरा उजळला.

"सविताचं नाव हाय न्हवं ह्ये? मला तिचं नाव तेवढं वाचाया येतं. समद्या यंत्रांवर हाय की. लई हुशार हाय व्हय पोरगी?"

सविता दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती. सर पडद्याजवळ गेले आणि एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी ती ओळ शांतपणे वाचून दाखवली. कुणीतरी हसलं.

वडील दाखला टेबलावर ठेवून उठले. "चल," ते लेकीला म्हणाले. तिनं दप्तर उचललं.

"सर, वाचायला नको होतं," मी नंतर म्हणाले.

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खोटं बोलायचं होतं का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

सविता परत आली नाही. दहा दिवसांनी तिच्या मामांनी येऊन कॉलेज सोडल्याचा दाखला नेला.

"ती आता पटावर नाही," सर मला म्हणाले. "दुसरं नाव टाका."

ती चौकट आणणारी स्क्रिप्टमधली ओळच पुसायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी यादी उघडली आणि पुढचं नाव टाकलं. सर निवृत्त होईपर्यंत मी दर सोमवारी टाकत राहिले.