नायगावची शेगडी, बदलापूरची थंडी

चाळ पाडून टॉवर होणार म्हणून खोली रिकामी केली, त्या दिवशी आईने सगळ्यात शेवटी शेगडी उचलली. कपाट खाली गेलं होतं, गाद्या गेल्या होत्या, पोटमाळ्यावरची पिंपं गेली होती. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि बाबा म्हणत होते की ती ठेव इथेच, बदलापूरच्या फ्लॅटमध्ये गॅस आहे. आई म्हणाली, "गॅसवर बाळंतीण शेकतात काय?" मला तेव्हा नुकता तिसरा महिना लागला होता आणि मी अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं. आईने ते असं पॅसेजभर करून टाकलं. तुम्ही सगळ्या हसलात, मग रडलात. आईने शेगडी जुन्या साडीत गुंडाळली आणि ती मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसली.

हे मी तुम्हालाच लिहिते आहे, नायगावच्या आमच्या चाळीतल्या, आमच्या मजल्यावरच्यांना. तुमच्यापैकी काहीजण अजून समोरच्या इमारतीत नव्या घराचा नंबर लागायची वाट बघत आहेत, काही विरारला गेलेत, काही कळव्याला, एक घर तर थेट दुबईला. आपल्या ग्रुपवर रोज गुड मॉर्निंगची फुलं येतात, तिथे हे लिहायला धजले नाही. तिथे सगळे मजेत असतात. वर्षभर मीही "आम्ही मजेत" असंच टाकत आले. ते खोटं होतं.

ज्या सुना मजल्यावर उशिरा आल्या, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. माझी आई, म्हणजे तुमच्या जाधव काकी, सही करण्यापुरती शिकलेली. पण मजल्यावर कोणाची बाळंतीण घरी आली की तिला आणि बाळाला न्हाऊ घालणं आणि शेक देणं आईचंच काम. कोणी तिला नेमलं नव्हतं आणि कोणी दुसऱ्या कोणाला बोलावलंही नाही. शेगडीत निखारे फुलवायचे, ती बाजेखाली सरकवायची, वर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकायची. बाळाला पायांवर घेऊन तेल जिरवायचं आणि त्या धुरावरून हलकेच फिरवायचं. खोलीचं दार सताड उघडं. दारावरच्या झरोक्याची काच कधीच फुटून गेलेली. समोर खिडकी. खोलीत चार बायका सल्ले द्यायला बसलेल्या आणि दारात पोरांची डोकी. धूर पॅसेजभर फिरायचा आणि टोकाच्या नळावर पाणी भरणाऱ्या बाईलाही कळायचं की अमक्यांच्या बाळाची धुरी चाललीये. शेक म्हणजे ऊब, एवढंच आईला ठाऊक. त्यात हवेचाही काही वाटा असतो हे तिला कधी कळायची वेळच आली नाही. आपल्याकडे जागा कमी होती, पाणी कमी होतं. हवा कधी कमी पडली नव्हती.

आणि थंडी तरी कसली ती नायगावची! गिरगावात चौपाटीजवळ राहणारी माझी मावशी जानेवारीतही पंखा तीनवर ठेवायची. आपल्याकडे तो एकवर यायचा, की लगेच बाबा "थंडी पडली बरं का" म्हणून कानटोपी शोधायला लागायचे. पोरं चाळीखाली फळांच्या खोक्यांची शेकोटी करायची आणि घामाघूम होऊन वर यायची. परळच्या फुटपाथवर स्वेटरवाले बसायचे, त्यांच्याकडून आईने एकदा हौसेने मरून रंगाचा स्वेटर घेतला होता. तो वर्षानुवर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या हुंगत पडून राहिला. लग्न होऊन मी अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आले. माहेर बसने पंधरा मिनिटांवर, तरी मी आईला फोन करून ऐट मारायचे की आमच्या टेकडीवर तुमच्यापेक्षा जास्त गारवा असतो. आपल्या अंगावर दोन्ही बाजूंनी समुद्राचं पांघरूण आहे, हे पांघरूण निघेपर्यंत कळत नाही.

मला ते डिसेंबरात कळलं. अमोल, माझा नवरा, म्हणत होता की बाळंतपण इथेच कर, तिकडे थंडी कडक असते, आईंनाच इकडे बोलावून घेऊ. साधी, शहाणपणाची गोष्ट. मी ऐकली नाही. पहिलं बाळंतपण मला माहेरीच हवं होतं. नायगावचं माहेर पाडायला घेतलेलं, म्हणून आई जिथे तिथे माहेर, असं म्हणून मी हट्टाने बदलापूरला गेले. हट्ट माझा होता, हे नोंदवून ठेवते.

तिथलं घर छान आहे, खोटं कशाला बोलू. दोन खोल्या, चकचकीत फरशी, आणि ज्याच्यापुढे आईने उभा जन्म रांग लावली तो संडास घरातल्या घरात. खिडक्यांना सरकत्या काचा. लावल्या की बाहेरचा कुत्रासुद्धा ऐकू येत नाही. पण काय ती थंडी! नायगावात फार तर खोबरेल तेल बाटलीच्या कडेला पांढरं व्हायचं. इथे ते दगड झालं. आईने बाटली उलटी धरली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. फरशीवर पाय टाकवेना. बाबा घरात मोजे घालून फिरायचे. मरून स्वेटर शेवटी ट्रंकेतून बाहेर आला. शेजारचे सगळे दारं लावून बसलेले. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनाही थंडी वाजतच होती.

मुलगी झाली, मैत्री, आणि तिच्या बाराव्या दिवशीची सकाळ. नऊ वाजले असतील. बाबा दूध आणायला गेले होते. आईने खालच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले होते. इथे बाज नव्हती, दिवाण होता, म्हणून शेगडी माझ्या उशापाशी ठेवलेली. न्हाणं झालं, धुरी झाली, मैत्रीला दुपट्यात गुंडाळून आईने माझ्या कुशीत ठेवलं आणि ती अळिवाची खीर करायला स्वयंपाकघरात गेली. खिडकी लावलेली होती आणि खोलीचं दारही लावलेलं होतं.

माझं डोकं जड झालं. मळमळायला लागलं. मला वाटलं, रात्रभर जागरण, झोप येतेय. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे. बंद जागेत कोळसा जळला की काय होतं यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलंय आणि त्याला पूर्ण मार्क मिळालेत. त्या सकाळी त्यातली एक ओळ मला आठवली नाही. शेगडी आईची होती, आणि आईच्या शेगडीने कोणाचं वाईट होतं हे माझ्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं.

आई खीर घेऊन आली. मी ओ देईना. तिला वाटलं, पोरीला थंडी भरली. तिने माझ्या अंगावर आणखी एक गोधडी घातली, शेगडीत आणखी कोळसे टाकले आणि परत दार ओढून घेतलं. हे मला नंतर तिनेच सांगितलं.

मग बाबा आले. दार उघडून म्हणाले, केवढं कोंदलंय इथे, आणि त्यांनी खिडकी सरकवली. आई ओरडली, "वारं लागेल तिला, लावा ती काच." बाबा आईचं कधी मोडत नाहीत. त्या दिवशी मोडलं. दोघांची खिडकीवरून वादावादी चालू असतानाच आईने मैत्रीला पाजायला म्हणून उचललं, आणि मैत्रीचे दोन्ही हात खाली लोंबले. ती रडली नाही. तोंडही वळवलं नाही. खिडकीच्या वाऱ्याने माझे डोळे अर्धवट उघडले होते, तेवढं मला दिसलं. पुढचं काही आठवत नाही.

मी वाचले. मैत्री चार दिवस हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची, शांत. कागदावर लिहायचं म्हणून तिने विचारलं, शेगडी कोणी पेटवली? आई म्हणाली, मी. दार कोणी लावलं होतं? आई म्हणाली, मी. डॉक्टर रागावली नाही. म्हणाली, आजी, बंद खोलीत कोळसा जाळायचा नसतो. आईने शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली. पायात स्लिपर नव्हती तिच्या. तशीच रिक्षात बसली होती.

आता जे मी आईखेरीज कोणालाच सांगितलेलं नाही, अमोललाही नाही, ते लिहिते. दार आईने लावलं, पण पहिल्यांदा ती ते उघडंच टाकून निघाली होती. सवयीने. तीस-पस्तीस वर्षांची सवय तिच्या हाताला. मी तिला हाक मारली आणि म्हणाले, "आई, दार लाव ना, थंडी वाजते." तिने लावलं.

डॉक्टरने विचारलं तेव्हा मी पलंगावर शुद्धीत होते. मला ऐकू येत होतं. मी बोलले नाही. लाज वाटली, भीती वाटली, काय म्हणायचं ते म्हणा. दोन महिन्यांनी धीर करून मी आईला हे सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, निदान तिचं थोडं हलकं होईल. तिने भांडी घासताना वरही पाहिलं नाही. म्हणाली, "तू बाळंतीण होतीस. तुला काय कळणार? कळायला मला पायजे होतं."

शेगडी तिने भंगारात दिली. बदलापूरला मी पुन्हा राहिले नाही. ही दुसरी थंडी. यंदा आई-बाबांना मीच अँटॉप हिलला आणलंय, वर पंखा फिरतोय, खिडक्या उघड्या आहेत. मैत्रीला वर्ष पूर्ण झालं. ती बसली जरा उशिरा, रांगली जरा उशिरा. डॉक्टर म्हणतात, काही मुलं असतातच अशी, काळजीचं दिसत नाही, लक्ष ठेवू. ते "लक्ष ठेवू" आईने ऐकलंय. मैत्री एक शब्द उशिरा बोलली तरी आई भिंतीकडे तोंड करून बसते. काळजी मलाही वाटते, पण मी निदान तिला कवटाळू तरी शकते.

कारण आई तिला हात लावत नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही. मैत्रीचे कपडे धुते, तिची नाचणीची पेज करते, पण वाटी माझ्या हातात देते. गेल्या वर्षभरात तिने नातीला एकदाही उचललेलं नाही. परवा सकाळी मैत्री भिंत धरून उभी राहिली आणि दोन पावलं टाकत थेट आजीकडे निघाली. आई खुर्चीत होती. मैत्री पोचली, तिने आजीच्या गुडघ्यांकडे हात केले. आईने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. मैत्री धपकन बसली आणि रडायला लागली. आई वाकलीसुद्धा नाही. मला म्हणाली, "घे गं तिला." मी घेतलं, आणि आम्ही तिघी रडलो.

मी हरले. बाबा हरले. अमोलने समजावलं, बुद्धविहारातल्या ताईंनी समजावलं. आई म्हणते, तुम्ही घरचे, तुम्ही असंच बोलणार. म्हणून तुमच्याकडे आलेय. तुमची पोरं तिच्या पायांवर वाढली आहेत. त्यातल्या कोणाला आता मिशा आहेत, कोणी नोकरीला लागलंय, एक तर स्वतः बाप झालाय. त्यांना घेऊन या. तिला उपदेश करू नका, तो खूप झाला. फक्त येऊन तिच्यासमोर बसा. कोणाच्या घरी तान्हं असेल तर ते तिच्या मांडीवर ठेवा, न विचारता, जसं तेव्हा ठेवायचात.

टॉवर होईल, चावी मिळेल, बाविसाव्या मजल्यावरून समुद्र दिसेल, सगळं खरं. पण घर म्हणजे मला आता तेवढं वाटत नाही. त्या सकाळी तुमच्यातली एकजण जरी सवयीने "काय गं, झाली का धुरी?" म्हणत आत आली असती, तर हे झालं नसतं. न विचारता आत येणारं माणूस जिथे असतं ते घर. आम्ही तुमच्यापासून लांब गेलो तेव्हा ते सोडून गेलो. डिपॉझिट कसलं द्यायचं, पाणी किती वेळ येतं, हे सगळं विचारून घेतलं होतं. हे विचारायचं सुचलं नाही.

याल तर लवकर या. मैत्रीने पावलं टाकायला सुरुवात केली आहे. महिन्या-दोन महिन्यांत ती घरभर पळायला लागेल, आणि मग तिला कोणी उचलून घ्यावं असं तिलाच वाटणार नाही.